वजनाचं ऑपरेशन करावं की नाही: ठरवण्याआधीच्या पायऱ्या

बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रियेचा, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठरावर करायच्या ऑपरेशनचा, विषय घरात निघाला की सल्ल्यांची रांग लागते. "तोंडावर जरा ताबा ठेव, पोट कशाला कापून घेतेस?" असं एक जण म्हणतो. दुसरा सांगतो, "आमच्या मेव्हणीनं केलं, चाळीस किलो उतरली, तू पण करून टाक." या दोघांनीही तुमचे रिपोर्ट पाहिलेले नसतात.

आमच्या घरात हा प्रश्न दोनदा आला. मी गॅस्ट्रिक बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडायचं ऑपरेशन) करून घेतली. माझ्या थोरल्या बहिणीनं, ताईनं, सगळ्या तपासण्या केल्या आणि ऑपरेशन न करायचं ठरवलं. दोन्ही निर्णय योग्य होते असं मी आज खात्रीनं म्हणते, कारण दोन्ही वेळा आम्ही एकेक पायरी चढत गेलो, कुठेही उडी मारली नाही. त्याच पायऱ्या इथे लिहिते आहे. शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा. पण त्यांच्या समोर बसण्याआधी काय विचारायचं आणि काय तपासून घ्यायचं, हे माहीत असलं की ती भेट सत्कारणी लागते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. लठ्ठपणा हा आजार आहे. आनुवंशिकता, हार्मोन्स, झोप, काही औषधं आणि मेंदूतलं भुकेचं गणित या सगळ्यांचा त्यात हात असतो. कोणी लाज वाटायला लावली म्हणून ऑपरेशन करू नका, आणि लाज वाटते म्हणून टाळूही नका.

पायरी १: वजन बाजूला ठेवा, आधी आजारांची यादी करा

एका कोऱ्या कागदावर लिहा: मधुमेह आहे का, किती वर्षांपासून, गोळ्या आहेत की इन्सुलिन? बीपी? झोपेत घोरता का, मध्येच श्वास अडकल्यासारखा होऊन जाग येते का, दिवसा बसल्याबसल्या डुलकी लागते का? गुडघे? फॅटी लिव्हर? पाळीची अनियमितता, पीसीओएस (बीजांडकोशाशी संबंधित हार्मोनचा विकार)? छातीत जळजळ? चौकशीला येणारे बहुतेक जण "मला पंचवीस किलो कमी करायचेत" इथून सुरुवात करतात. डॉक्टरांच्या दृष्टीनं या ऑपरेशनचं मोठं काम या यादीतल्या आजारांवर असतं. म्हणूनच त्याला हल्ली मेटाबॉलिक, म्हणजे चयापचयाची, शस्त्रक्रियाही म्हणतात.

मधुमेहाबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळ्यात जास्त अपेक्षा तिथेच बांधल्या जातात. टाइप २ मधुमेहात ऑपरेशननंतर शुगर झपाट्यानं खाली येते, कित्येकदा वजन फारसं उतरायच्या आतच. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या एका दीर्घ अभ्यासात, ऑपरेशन झालेल्या मधुमेहींपैकी ७२ टक्के जण दोन वर्षांनी मधुमेहमुक्त होते. दहा वर्षांनी हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आलं. ऑपरेशन न केलेल्या गटात दहा वर्षांनी ते १३ टक्के होतं. हे तिन्ही आकडे एकत्र वाचा. फायदा खरा आहे, मोठाही आहे, पण "शुगर कायमची गेली" असं कोणी लिहून देत असेल तर ते खरं नाही. मधुमेह जितका जुना आणि इन्सुलिन जितक्या वर्षांचं, तितकी तो परतण्याची किंवा पूर्ण न जाण्याची शक्यता जास्त. स्वादुपिंडात अजून किती ताकद उरली आहे याचा अंदाज सी-पेप्टाइड या रक्ततपासणीतून येतो. ती करायची का, हे विचारा.

पायरी २: बीएमआय काढा, आणि कोणाचा आकडा कोणासाठी हे समजून घ्या

बीएमआय म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती, याचा आकडा: किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. उंची १६० सेंटीमीटर आणि वजन ९० किलो असेल तर १.६ गुणिले १.६ म्हणजे २.५६, आणि ९० भागिले २.५६ म्हणजे साधारण ३५. उंची अनवाणी मोजा. आठवणीतली कॉलेजातली उंची धरू नका.

खरा गोंधळ यापुढे सुरू होतो. १९९१ पासून जगभर चालत आलेला निकष असा होता: बीएमआय ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत गंभीर आजार. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या आणि आंतरराष्ट्रीय शल्यविशारद संघटनांनी तो बदलला. आता ३५ च्या पुढे आजार असो-नसो शस्त्रक्रियेची शिफारस आहे, आणि ३० ते ३५ मध्ये मधुमेहासारखा आजार असेल तर विचार करावा असं म्हटलं आहे. आशियाई लोकांसाठी हा उंबरठा त्याहून खाली, २७.५ पासून धरला आहे. आपल्याकडे कमी वजनावरही पोटाभोवती चरबी साठते आणि मधुमेह लवकर गाठतो, हे त्याचं कारण. भारतात पुरुषाची कंबर ९० आणि बाईची ८० सेंटीमीटरच्या वर गेली की धोक्याची मानतात, तेही यामुळेच.

पण विमा कंपनी यातलं काही मानत नाही. तिचा आकडा अजूनही ४० आणि ३५ चाच आहे. सर्जन "तुम्ही बसता" म्हणाले म्हणजे मेडिक्लेममध्ये बसलात असं होत नाही. यावर पुढे आठव्या पायरीत सविस्तर लिहिलं आहे.

पायरी ३: ऑपरेशनशिवायचे उपाय नीट करून झालेत का?

सोमवारी सुरू करून गुरुवारी सोडलेलं डाएट यात धरू नका. आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली काही महिने, चालण्या-व्यायामासकट, नोंदी ठेवून केलेला प्रयत्न धरा. याच्या नोंदी आणि पावत्या जपून ठेवा. विम्यासाठी त्या लागतात.

थायरॉइड तपासलं का? स्टिरॉइडच्या गोळ्या, इन्सुलिन, मानसिक आजारावरची काही औषधं यांनीही वजन वाढतं. डॉक्टरांना काही खुणा दिसल्या तर ते कॉर्टिसोल हे हार्मोनही तपासायला सांगतात. मूळ कारण वेगळंच निघालं तर इलाजही वेगळा.

आता वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांचा पर्याय आहे. टिर्झेपटाइड आणि वजनासाठीचं सेमाग्लूटाइड ही दोन्ही २०२५ मध्ये भारतात आली. चाचण्यांमध्ये सेमाग्लूटाइडनं सव्वा वर्षात सरासरी १५ टक्के आणि टिर्झेपटाइडच्या सर्वांत मोठ्या मात्रेनं सुमारे २० टक्के वजन उतरलं. ऑपरेशननंतर पहिल्या एक-दोन वर्षांत साधारण २५ ते ३० टक्के उतरतं. शंभर किलोच्या माणसाचे १५, २० आणि २५ ते ३० किलो, असा हिशोब डोळ्यांसमोर ठेवा. इंजेक्शन थांबवल्यावर गमावलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश वर्षभरात परत आल्याचं सेमाग्लूटाइडच्या अभ्यासात दिसलं, म्हणजे हा खर्चही दीर्घकाळचा. बीएमआय ३० च्या आसपास असेल आणि आजार सौम्य असतील, तर माझ्या मते आधी एंडोक्रिनॉलॉजिस्टशी (हार्मोनच्या आजारांच्या तज्ज्ञांशी) या औषधांबद्दल बोलावं. ही इंजेक्शनं ओळखीच्या केमिस्टकडून आणून स्वतःच टोचून घेऊ नका.

पोटात सोडायचा फुगा ही तात्पुरती सोय आहे, साधारण सहा महिन्यांनी तो काढतात. लायपोसक्शनमध्ये त्वचेखालची चरबी ओढून काढतात. त्यानं मधुमेह, घोरणं, लिव्हर यांवर काही होत नाही. जाहिरातीत ही सगळी नावं एकाच फलकावर असतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

पायरी ४: कोणी थांबावं?

ताईचं प्रकरण इथे येतं. तिचा बीएमआय निकषात बसत होता. मानसोपचारतज्ज्ञांच्या भेटीत मात्र एक गोष्ट पुढे आली. भाऊजी गेल्यापासून ती रात्री सगळे झोपल्यावर उठून, भूक नसताना, पोट दुखेपर्यंत खात होती आणि कोणाला सांगत नव्हती. डॉक्टरांनी नाही म्हटलं नाही, आधी यावर उपचार करू म्हणाले. समुपदेशन आणि औषधं सुरू झाली, रात्रीचं खाणं थांबलं, वजनही हळूहळू उतरायला लागलं. त्यानंतर तिनं स्वतःच ठरवलं की ऑपरेशनची गरज नाही. पोट लहान केल्यानं दुःख लहान होत नाही, हे तिचं वाक्य.

मानसोपचारतज्ज्ञांची ही भेट बरेच जण फॉर्मवर सही घेण्यापुरती उरकतात. तसं करू नका. तिथे खोटं बोललात तर नुकसान तुमचंच.

पुढच्या परिस्थितीत ऑपरेशन पुढे ढकलावं किंवा करू नये:

- दारू किंवा इतर व्यसन चालू असेल. बायपासनंतर दारू रक्तात लवकर आणि जास्त चढते, व्यसन नव्यानं लागल्याचीही उदाहरणं आहेत.
- तंबाखू चालू असेल. यात सिगारेट आली, गुटखा आला आणि मिश्रीसुद्धा आली. आपल्याकडच्या कित्येक बायका "मी तंबाखू खात नाही" म्हणतात आणि सकाळी मिश्री लावतात. भूलतज्ज्ञांना हे स्पष्ट सांगा. तंबाखूमुळे जखम भरायला वेळ लागतो आणि बायपासच्या जोडावर अल्सर होऊ शकतो.
- नैराश्य किंवा दुसरा मानसिक आजार उपचारांविना असेल.
- गरोदर असाल किंवा वर्ष-दीड वर्षात मूल हवं असेल. ऑपरेशननंतर १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायला सांगतात. याची दुसरी बाजूही ध्यानात घ्या: वजन उतरलं की पीसीओएस असलेल्यांची पाळी सुरळीत होते आणि दिवस अचानक राहू शकतात. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबू नका, दुसऱ्या साधनाबद्दल आधीच विचारून ठेवा.
- दरवर्षी तपासणीला येणं आणि रोज गोळ्या घेणं जमणारच नसेल.

शेवटचा मुद्दा साधा वाटतो. माझ्या मते तो सगळ्यात जड आहे.

पायरी ५: कोणतं ऑपरेशन, आणि तुमच्यासाठी तेच का?

आपल्याकडे मुख्यतः तीन प्रकार होतात, तिन्ही दुर्बिणीतून.

स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. भुकेचं ग्रेलिन हे हार्मोन ज्या भागात जास्त तयार होतं तोच भाग जातो, त्यामुळे भूक मंदावते. काढलेलं जठर परत येत नाही. आतडं जोडायचं नसल्यामुळे ऑपरेशन तुलनेनं सोपं, जीवनसत्त्वांची कमतरताही तुलनेनं कमी. पण छातीत जळजळ असेल तर ती वाढू शकते, नसलेल्याला नव्यानंही होऊ शकते.

रू-एन-वाय बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. मधुमेह आणि जळजळ दोन्ही असलेल्यांना हा पर्याय बहुधा जास्त मानवतो. मला दोन्ही होतं, म्हणून माझ्या बाबतीत हाच ठरला. तिसरा मिनी बायपास, त्यात आतड्याचा एकच जोड असतो. परिणाम चांगला मिळतो, मात्र पित्त उलट वर येण्याची आणि पोषणाची कमतरता होण्याची शक्यता धरावी लागते.

बायपासनंतर आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या टाळायच्या असतात, अल्सरच्या भीतीनं. सांधेदुखीसाठी तुम्ही त्या रोज घेत असाल तर हे प्रकार निवडतानाच सांगा, डिस्चार्जच्या वेळी नको.

धोक्यांबद्दल उघड विचारा. अनुभवी हातांत हे ऑपरेशन पित्ताशय काढण्याइतकं सुरक्षित मानलं जातं, पण धोका शून्य नसतो. टाक्यांच्या रेषेतून गळती, रक्तस्राव, पायाच्या शिरेत गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणं हे सुरुवातीचे धोके. पुढच्या काळात पित्तखडे होऊ शकतात, कारण वजन झपाट्यानं उतरतं. ते टाळायला काही महिने गोळी देतात. तीन ते सहा महिन्यांत केस गळतात आणि पोषण नीट असेल तर पुन्हा येतात. कातडी लोंबते. आणि काही वर्षांनी थोडं वजन परत चढतं, बहुतेकांचं. हे सगळं ऐकूनही तुम्हाला ते हवं असेल, तर पुढे चला.

पायरी ६: नंतरचं ताट आधीच वाढून बघा

निर्णय खरा इथे होतो, म्हणून या पायरीवर रेंगाळा.

ऑपरेशननंतर पहिले काही दिवस पाणी, नारळपाणी, गाळलेलं वरणाचं पाणी, तेही घोटघोट. मग दूध, ताक, प्रोटीन पावडर. मग मिक्सरमधून काढलेलं अन्न, मग मऊ, आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी नेहमीचं जेवण. नेहमीचं म्हणजे लहान वाटीभर. जेवताना पाणी प्यायचं नाही, जेवणाआधी आणि नंतर अर्धा तास थांबायचं. एक घास वीस-पंचवीस वेळा चावायचा. मऊ पोळी आणि भात सुरुवातीला कित्येकांना अडकल्यासारखे होतात. मला भाकरीचा पापुद्रा सोसायचा, पोळी नाही.

प्रोटीन रोज किमान ६० ग्रॅम, अनेकांना त्याहून जास्त सांगतात. वाटीभर जेवणात ६० ग्रॅम बसवून बघा. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ६ ते ७, शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास. मासे-चिकन खाणाऱ्यांचं जमून जातं. शाकाहारी घरात मुगाचं धिरडं, मोड आलेली मटकी, सोया, घट्ट दही यांवर भिस्त ठेवूनही बहुतेक वेळा प्रोटीन पावडर घ्यावी लागते, आणि ती दरमहा खर्चाची बाब आहे. उपवासांचाही आधीच विचार करा. साबुदाण्याच्या खिचडीत प्रोटीन नावालाही नसतं, आणि दिवसभर निर्जळी तर सुरुवातीच्या काळात अजिबात चालणार नाही. मी संकष्टी सोडली. सासूबाईंना आधी पटलं नाही, डॉक्टरांनीच समजावल्यावर पटलं.

बायपासनंतर गोड पटकन खाल्लं की डम्पिंग होतं: धडधड, घाम, पोटात कळ, जुलाब, आडवं व्हावंसं वाटणं. लग्नाच्या पंगतीत श्रीखंडाचा आग्रह होणारच. "नको" म्हणण्याची सवय आधीपासून करा, आणि आग्रह करणाऱ्या नातेवाइकांना एकदा कारण सांगून टाका.

गोळ्या आयुष्यभर: मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम, डी, बी-१२, बहुतेक बायकांना लोह. लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, मध्ये दोन तासांचं अंतर. पहिल्या वर्षी तीन, सहा, बारा महिन्यांनी रक्ततपासणी, मग दरवर्षी. "आता मला बरं वाटतंय" म्हणून गोळ्या सोडणाऱ्यांना काही वर्षांनी अशक्तपणा, हातापायाला मुंग्या, हाडांची झीज यांचा त्रास सुरू होतो.

माझा आग्रह असा: निर्णयाआधी दोन आठवडे हे शक्य तेवढं करून बघा. लहान ताटली, सावकाश चावणं, जेवताना पाणी नाही, गोड नाही, चहात साखर नाही, रोज ठरल्या वेळी एक गोळी. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारूनच, नाहीतर शुगर एकदम उतरेल. भूक आत्ता नंतरपेक्षा जास्त लागेल, त्यामुळे प्रमाणावर अडू नका. सवयी तुमच्या कामाच्या वेळांत, डब्यात, घरच्या स्वयंपाकात बसतात का, एवढंच बघायचं.

पायरी ७: सर्जन आणि हॉस्पिटल

निदान दोन सर्जनना भेटा. पहिल्याच भेटीत, रिपोर्ट न बघता तारीख देणारे सर्जन मी वगळले असते, तुम्हीही वगळा. "या महिन्यात केलंत तर सवलत" म्हणणारेही. मोफत तपासणी शिबिरात जायला हरकत नाही, पण तिथे आगाऊ रक्कम भरू नका. विचारायचे प्रश्न:

- माझ्यासाठी हेच ऑपरेशन का, दुसरं का नको?
- वर्षाला अशी किती ऑपरेशनं तुम्ही स्वतः करता?
- गळती झाली तर इथेच आयसीयू, सीटी स्कॅन, एंडोस्कोपी आहे का? मध्यरात्री कोण येतं?
- आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ टीममध्ये आहेत का, नंतरच्या भेटींचे पैसे वेगळे का?
- पाच वर्षांपूर्वी ऑपरेशन झालेल्या एखाद्या पेशंटशी बोलता येईल का?

या शेवटच्या प्रश्नानं मला सर्वांत जास्त कळलं. सहा महिने झालेला पेशंट नेहमी आनंदात असतो. पाच वर्षं झालेल्याला विचारा.

नंदुरबार किंवा गडचिरोलीहून मुंबई-पुण्याला जाऊन ऑपरेशन करणार असाल तर पहिले काही आठवडे राहायची सोय हॉस्पिटलजवळ करा, आणि गावाकडचे कोणते डॉक्टर पुढे लक्ष ठेवतील ते आधी ठरवा.

पायरी ८: पैसे आणि मेडिक्लेम

खाजगी रुग्णालयात खर्च काही लाखांत जातो. लेखी अंदाजपत्रक मागा आणि त्यात स्टेपलरच्या (जठर कापून शिवणाऱ्या यंत्राच्या) काडतुसांचा खर्च धरला आहे का ते पाहा. या ऑपरेशनमधला मोठा खर्च त्यांचाच असतो आणि "पॅकेज"बाहेर तो वाढू शकतो. काही मोठ्या सरकारी रुग्णालयांतही ही ऑपरेशनं होतात. प्रतीक्षा लांबते, पण चौकशी जरूर करा.

विम्याचं असं आहे. इर्डाच्या, म्हणजे विमा नियामक संस्थेच्या, नियमावलीत वजनावरचे उपचार वगळण्याचं एक ठरावीक कलम आहे, पॉलिसीत ते "एक्सक्लुजन ०६" म्हणून दिसतं. त्यातच अपवाद दिला आहे: डॉक्टरांचा सल्ला हवा, शस्त्रक्रिया वैद्यकीय नियमांत बसणारी हवी, वय १८ पूर्ण हवं, आणि बीएमआय ४० किंवा जास्त हवा. किंवा ३५ वा जास्त असून इतर उपाय फसलेले हवेत आणि सोबत या चारपैकी एक आजार हवा: लठ्ठपणामुळे हृदयाच्या स्नायूचा आजार, हृदयाच्या धमन्यांचा आजार, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं), आटोक्यात नसलेला टाइप २ मधुमेह. गुडघेदुखी, पीसीओएस, फॅटी लिव्हर या यादीत नाहीत.

सापळे तीन. पहिला, आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ, जो आता कमाल ३ वर्षांचा असू शकतो. पॉलिसी घेताना मधुमेह किंवा खरं वजन लपवलं असेल तर दावा इथेच अडतो. दुसरा, ऑपरेशनच्या तारखेआधी वजन उतरवताना बीएमआय ३५ च्या खाली गेला आणि कागदावर तोच आकडा आला. म्हणून सल्ला सुरू झाला त्या दिवशीची उंची-वजनाची नोंद लेटरहेडवर सही-शिक्क्यासह घेऊन ठेवा. तिसरा, ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत या ऑपरेशनला वेगळी मर्यादा असू शकते. एचआरला तोंडी विचारू नका, ईमेलवर उत्तर घ्या.

कॅशलेसची पूर्वमंजुरी आल्याशिवाय दाखल होऊ नका. दावा चुकीच्या कारणानं नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग विमा लोकपाल. आपल्या राज्यात त्यांची कार्यालयं मुंबई, ठाणे आणि पुण्यात आहेत.

पायरी ९: फाइल तयार करा

- आधार, पॅन, पॉलिसीची पूर्ण प्रत (नुसतं कार्ड नव्हे)
- गेल्या काही वर्षांच्या वजनाच्या नोंदी, आहारतज्ज्ञ आणि फिजिशियनची पत्रं
- चालू औषधांची यादी, आयुर्वेदिक आणि घरगुती काढ्यांसह
- एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), लिव्हर, किडनी, थायरॉइड, लिपिड, हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, डी
- पोटाची सोनोग्राफी, एंडोस्कोपी (एच. पायलोरी या जठरातल्या जंतूच्या तपासणीसह)
- ईसीजी, टू-डी इको, छातीचा एक्स-रे
- घोरणं असेल तर स्लीप स्टडी

स्लीप स्टडीला बरेच जण फाटा देतात. तीव्र स्लीप ॲप्निया भुलीच्या वेळी धोक्याचा ठरतो, आणि विम्याच्या चार आजारांतही तो आहे. मला श्वासाचं सीपॅप मशीन ऑपरेशनच्या आधी काही आठवडे लावायला दिलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा झोप झाल्यासारखं वाटलं.

बी-१२, डी, हिमोग्लोबिन कमी असेल तर आधी भरून काढा. आपल्याकडे, विशेषतः शाकाहारी लोकांत, ते कमी निघतंच.

पायरी १०: हो ठरलं तर

घरातल्या एका माणसाला, जो स्वयंपाकघर सांभाळतो त्यालाच, आहारतज्ज्ञांच्या भेटीला सोबत न्या. ऑपरेशनआधी साधारण दोन आठवडे कमी उष्मांकांचा आहार देतात. यकृत आकसतं आणि सर्जनला जठरापर्यंत पोचणं सोपं जातं. "आता शेवटचं खाऊन घेऊ" म्हणून या काळात हॉटेलच्या वाऱ्या करू नका. मधुमेहाच्या आणि बीपीच्या गोळ्यांची मात्रा या दोन आठवड्यांतच बदलू शकते, डॉक्टरांना विचारून ठेवा.

आणि एक कार्ड बनवा, पाकिटात आणि घरच्या फ्रिजवर. त्यावर ऑपरेशनचा प्रकार, तारीख, हॉस्पिटलचा चोवीस तास चालणारा नंबर. खाली मराठीत मोठ्या अक्षरांत हे लिहा:

- ताप, नाडी १२० च्या वर, पोटात किंवा डाव्या खांद्यात दुखणं, धाप लागणं: उजाडायची वाट न पाहता हॉस्पिटल गाठा.
- एका पायाला सूज आणि दुखणं: त्याच दिवशी दाखवा.
- उलट्या थांबत नसतील: जवळच्या दवाखान्यात नुसतं ग्लुकोजचं सलाइन लावून घेऊ नका. बॅरिअॅट्रिक ऑपरेशन झालं आहे हे सांगा आणि आधी थायामिन, म्हणजे बी-१, द्यायला सांगा. त्याची कमतरता मेंदूला इजा करू शकते.
- बायपास झाली असेल तर: आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक देऊ नये.